सोळाव्या हातावरचा सांधा

गेल्या महिन्यात टपालानं एक जाडजूड स्मरणिका आली. आमच्या नागपूरच्या विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागाची. मी तिथं एकतीस वर्षं टायपिस्ट होते, म्हणून कुणीतरी पत्ता शोधून प्रताप नगरच्या घरी पाठवली असावी. कागद गुळगुळीत, फोटो रंगीत, हारतुरे भरपूर. जे साहेब वर्षातून दोनदा सत्कारापुरते विभागात उगवायचे, त्यांच्यावर दोन-दोन पानं. आणि आमच्या बारापात्रे सरांवर तीन ओळी. पहिली त्यांच्या घराण्याची, दुसरी त्यांच्या विषयाची. तिसरी अशी: ‘त्यांच्या सूत्रातील चूक परदेशी अभ्यासकांनी दाखवून दिल्यावर त्यांनी ती मोठ्या मनाने मान्य केली.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून धावत आली. “आई, काय झालं? गोळी घेतली का सकाळची?”

गोळी कसली घेऊन बसलीस! दाखवून दिल्यावर म्हणे! लिहिणाऱ्याचा तरी काय दोष? तो तेव्हा पाळण्यात असेल. त्यानं जे ऐकलं ते लिहिलं. पण ही ओळ खोटी आहे, आणि ती खोटी कशी झाली हे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातले सर गेले. उरले मी. ऐंशी उलटून गेली, आता कुणाला भ्यायचं? टाइप करायला बोटं वळत नाहीत, म्हणून हातानंच लिहिते आहे. अक्षर लागलं तर वाचा.

मी विभागात चिकटले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नवरा वारलेला, दोन मुलं, माहेरचा आसरा. नोकरी टेंपरवारी. दर सहा महिन्यांनी हेड साहेबांच्या सहीनं मुदत वाढायची. त्यामुळे मी वरून तिखट आणि आतून घाबरट अशी झाले होते. पहिल्याच आठवड्यात काटकुळा, सावळा, पँटला सायकलची क्लिप तशीच राहिलेला एक माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. अंगात हातमागाचा जाड शर्ट, खिशावर शाईचा डाग. मला वाटलं, बिल मागायला आलेला कुणी.

“साहेब वर्गावर गेलेत,” मी म्हटलं. “बाहेर बाकावर बसा.”

तो माणूस गुपचूप बाहेर जाऊन बसला. पाऊण तास बसला. शेवटी चपराशी हसत हसत आत आला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही बारापात्रे सरांले बाकावर काहून बसवलं जी?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र आत आले, हातातले कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “बरं झालं. बाकावर एक गोष्ट सुचली.” टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच काहीतरी सुचलं होतं.

त्यांच्या लेखांचं टायपिंग म्हणजे एक वैतागच होता. मशीनवर इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्या लेखात निम्मी चिन्हं ग्रीक. तेव्हा वाक्य टाइप करायचं, सूत्राची जागा रिकामी सोडायची, मग सर काळ्या शाईनं ती भरायचे. मी पहिल्यांदा दोन बोटं जागा सोडली. सूत्र निघालं दीड वीत. सर म्हणाले, “कुमुदबाई, जरा दिलदारीनं सोडा नं जागा.” पुढच्या वेळी रागारागानं अर्धं पान सोडलं. तिथं सूत्र आलं करंगळीएवढं. त्यांनी उरलेल्या जागेत एक छोटी संत्र्याची फोड काढली आणि कागद मला परत दिला. मी फणकाऱ्यानं नवा कागद चढवला, पण ती फोड मी बरेच दिवस जपून ठेवली होती.

सरांचा विषय कळण्याइतकी अक्कल मला नव्हती. एकदा धीर करून विचारलं. मे महिना होता, बर्फाच्या गाडीवरून लिंबूसरबतासाठी बर्फ आणला होता. सरांनी भुसा झटकून एक खडा तळहातावर घेतला. “हे पाहा. मघापर्यंत हा दगड होता. आता पाणी होऊन राहिला. याले कसं समजते, की आता वितळायचं? एका कणाले समजते की साऱ्यांले एकदम? तेवढंच शोधून राहिलो मी.”

“बस, एवढंच?” मी म्हटलं.

“एवढंच,” ते म्हणाले. “पंधरा वर्षं झाली.”

प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. कागद आणि पेन. धातू कोणत्या क्षणी वितळेल हे सांगणारं एक सूत्र त्यांनी बसवलं होतं आणि ते परदेशातल्या मासिकात छापूनही आलं होतं. ते आलं तेव्हा तिकडून पत्रं आली, दिल्लीच्या एका बड्या प्रोफेसरांनी ते आपल्या पुस्तकात घेतलं. फक्त एक खोड होती. शिशाला ते सूत्र चपखल बसायचं, कथलाला बसायचं नाही. थोडंसंच चुकायचं, पण चुकायचं. सर घरच्या हट्टी पोराबद्दल बोलावं तसं बोलायचे. “सारे ऐकतात, हे कथीलच काहून ऐकत नाही माहं?” विभागातले लोक गंमत करायचे. कॉरिडॉरमध्ये सर दिसले की, “काय सर, कथील काय म्हणते?”

“रुसून आहे,” सर म्हणायचे.

सर कोष्टी घरातले. गोळीबार चौकाच्या मागे त्यांचं घर. पुढच्या खोलीत माग, त्यावर थोरले बंधू शंकरभाऊ लुगडी विणायचे, आणि मधल्या दारात पाट टाकून सर गणितं करायचे. मी एकदा टाइप केलेले कागद पोचवायला गेले तेव्हा तो प्रकार पाहिला. मागाची खटखट अशी की बोललेलं ऐकू येईना. आणि मध्येच धागा तुटला, माग थांबला, तर सरांचं पेनही थांबलं. शंकरभाऊंनी गाठ मारली. खटखट सुरू झाली, पेन सुरू झालं.

“मुंबईच्या मोठ्या संस्थेत बोलावलं होतं याले,” शंकरभाऊ मला म्हणाले. “सहा महिन्यांसाठी. दोन महिन्यांत पयून आला पहा.”

“तिथं लय शांत होतं,” सर म्हणाले. “समुद्रासमोर खोली दिली. चपराशीही हळू चालायचा. मले काही सुचेचना.”

“लोकं शांततेसाठी हिमालयात जातात, अन् हा मागासाठी मुंबई सोडून येते,” शंकरभाऊ म्हणाले. तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही. सरांच्या वहिनींनी चहा आणला. भाऊ सरांना म्हणाले, “काहून थांबला गा? पाहुण्या बाईसमोर लाजते का?” आणि मागाचा धोटा पुन्हा फेकला.

तिथंच मी ती गुंडाळी पहिल्यांदा पाहिली. सर वहीत गणित करत नसत. परीक्षेच्या जुन्या पेपरांचे पाठकोरे कागद घ्यायचे आणि एक कागद भरला की त्याच्या खालच्या कडेवर दुसरा चिकटवायचे. डिंक नाही, शंकरभाऊ सुताला लावायचे ती खळ. असे कागदाला कागद जोडत एक लांबच लांब पट्टा होई आणि तो ते लाकडी दांड्यावर गुंडाळून ठेवत, मागावर कापड गुंडाळतात तसा. त्या सूत्राची गुंडाळी बावीस हात लांब होती. पान नंबर नाहीतच. “ते आठव्या हातावर आहे,” असं म्हणायचे आणि खरंच कोपरापासून मोजत उलगडायचे.

“वही काहून नाही करत सर?” मी विचारलं.

“वहीत पान उलटलं की मागचं दिसत नाही. यात चूक झाली तं तिथवर उलगडत जाता येते. कापडात चुकलं तं काय करते विणणारा? तिथवर उसवते. वरून रफू केलं तर गिऱ्हाइकाला नाही दिसत, पण ज्यानं विणलं त्याले रोज दिसते.”

वर्गातही तेच. एकदा एम.एस्सी.च्या वर्गात एका मुलीनं हात वर केला. काटोलकडची, बुजरी, बोलताना पदराशी चाळा करणारी. म्हणाली, सर, तिसऱ्या ओळीत उणे पाहिजे होतं. सरांचा फळा तोवर खालपर्यंत भरलेला, तास संपायला पाच मिनिटं. दुसरा कुणी असता तर तिथं उणे करून खाली दोन ठिकाणी खाडाखोड केली असती. सरांनी तिसऱ्या ओळीपासून खाली सगळा फळा पुसला. तास संपला, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, तरी यांचं चालूच. शेवटी हेड साहेबांकडे तक्रार गेली. त्या मुलीला मात्र त्या दिवसापासून सर ‘उणेबाई’ म्हणायचे, आणि ती पुढं कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा संत्र्यांची करंडी घेऊन आली. ती सरांनी ऑफिसात वाटून टाकली. एक स्वतःला ठेवलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिथं येते. इथवर लिहिलं ते सोपं होतं.

बाहत्तर-त्र्याहत्तरचा सुमार असेल. विभागात प्रोफेसरची जागा निघाली. सर अठरा वर्षं होते तिथं आणि अजून रीडरच, एक पायरी खाली. इंटरव्ह्यू जूनच्या शेवटी होणार होता. तज्ज्ञ म्हणून दिल्लीचे तेच बडे प्रोफेसर येणार, ज्यांनी सरांचं सूत्र पुस्तकात घेतलं होतं. हेड साहेबसुद्धा म्हणाले, “अब तो हो ही गया समझो.” घरी शंकरभाऊंनी सरांना कोटाचं माप द्यायला लावलं. मी पेढ्यांची ऑर्डर कुठे द्यायची ते मनात ठरवून टाकलं होतं. त्या माणसाला कुणी बाकावर बसवू नये, असं मला फार वाटायचं.

जूनचा पहिलाच आठवडा, पाऊस अजून यायचा होता, उन्हाळा जीव खात होता. सरांच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या. चपराशी त्यावर दिवसभर पाणी मारायचा. इंटरव्ह्यूत विचारतील म्हणून सर ती बावीस हात गुंडाळी घेऊन आले होते आणि खिडकीशी उलगडून बसले होते. मी टाइप केलेला बायोडाटा घेऊन आत गेले तर सर जमिनीवर उकिडवे. समोर कागद. मी आले हे त्यांना कळलंच नाही.

“सर?”

“सांधा सुटला,” ते म्हणाले.

ताटीच्या दमट हवेनं खळ नरम पडली होती आणि सोळाव्या हातावरचा एक सांधा उघडला होता. वरच्या कागदाची बोटभर कड खालच्या कागदाखाली दबली होती. त्या बोटभर जागेत पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ होती. पुढे न्यायचं एक पद. कागद चिकटवताना ते सांध्याखाली गेलं आणि सर पुढच्या कागदावर त्याच्याशिवाय गणित करत गेले. कित्येक वर्षांपूर्वी.

“पण तुम्ही तपासलं होतं ना? तीन वेळा तपासलं होतं, मला ठाऊक आहे.”

“तिन्ही वेळा याच गुंडाळीवरून तपासलं,” सर म्हणाले. आणि मग एकदम हसले. मला त्या हसण्याची भीतीच वाटली. “म्हणून कथील ऐकत नव्हतं. बिचारं खरं बोलून राहिलं होतं इतकी वर्षं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन पत्रं लिहून आणली. एक परदेशी मासिकाला: माझ्या लेखात चूक आहे, ती इथं आहे, तिच्यापुढचं सगळं मागे घेतो. दुसरं दिल्लीच्या प्रोफेसरांना: आपण हे सूत्र पुस्तकात घेतलं आहे, कृपया काढून टाकावं. मी टाइप केली. वर त्या दिवसाची तारीख घातली. सरांनी सह्या केल्या आणि नेहमीप्रमाणे पाकिटं माझ्याकडे दिली. त्यांची खासगी पत्रं जावक वहीत जात नसत. तिकिटं ते स्वतः लावायचे आणि मी घरी जाताना डाकघरात टाकायचे. सात-आठ वर्षांचा रिवाज.

ती मी टाकली नाहीत.

मला कुणी सांगितलं नव्हतं. माझंच डोकं. मी टेबलाच्या खालच्या खणात, कार्बन पेपरच्या डब्याखाली ती दोन पाकिटं ठेवली. म्हटलं, तीन आठवड्यांनी काय आकाश कोसळणार आहे? एकदा का प्रोफेसर झाले की दुसऱ्या दिवशी टाकते. दिल्लीवाल्याला आज कळलं तर तो काय यांना निवडणार आहे? आणि सर तर असे, की स्वतःचं भलं कळायचं नाहीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “टाकली का पत्रं?”

“टाकली सर.”

इतक्या सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सर नवा कोट घालून आत गेले आणि अर्ध्या तासात बाहेर आले. घामेजलेले. मी उठून उभी राहिले.

“डाकेचं काही खरं नाही, कुमुदबाई,” ते म्हणाले. “त्यांना पत्रच नाही पोचलं. मी म्हटलं, तुम्हाला लिहिलंच आहे मी, तर ते म्हणाले, कुठलं पत्र? मग तिथंच फळ्यावर चूक दाखवून दिली.”

“तुम्ही... तुम्ही स्वतःहून सांगितलं?”

“मग? त्यांच्या पुस्तकात आहे ते. पोरं शिकून राहिलीत.”

 आणि मग मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. त्याच संध्याकाळी घाबरून दोन्ही पाकिटं पेटीत टाकून आले. शिक्का! डाकघराचा शिक्का पडतो, त्यावर तारीख असते, हे रोज पाकिटं हाताळणाऱ्या मला, खरं सांगते, त्या घटकेला सुचलंच नाही.

आठ दिवसांनी हेड साहेबांनी सरांना बोलावलं. मला पण बोलावलं, पॅड घेऊन. टेबलावर दिल्लीहून परत आलेलं पाकीट होतं. माझ्या हातानं चिकटवलेलं. हेड साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा दगडासारखा होता.

“पत्रावर तारीख जूनच्या पहिल्या आठवड्याची. शिक्का इंटरव्ह्यूच्या संध्याकाळचा,” ते म्हणाले. “दिल्लीचे साहेब विचारताहेत, हे मागची तारीख घालून पत्र लिहिणं काय आहे? ते म्हणतात, ही चूक बाहेर कुणीतरी शोधली आहे अशी कुणकुण आहे. ती तुमच्या कानावर आली, म्हणून घाईघाईनं हा बनाव केलात का? बारापात्रे, मला काय उत्तर द्यायचं ते सांगा.”

सरांनी पाकीट उचललं. शिक्का पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यांना सगळं कळलं, त्या एका नजरेत. मला तेव्हा उठून सांगता आलं असतं. एक वाक्य. ‘साहेब, पत्रं माझ्या खणात होती.’ हेड साहेबांच्याच टेबलावर डावीकडे माझ्या नोकरीच्या मुदतवाढीची फाइल होती, मी तिचा पिवळा बंद ओळखत होते. मी पॅडवर तारीख घातली. 

सर म्हणाले, “पत्र वेळेवर टाकलं गेलं नाही. जबाबदारी माझी आहे.”

“टाकलं गेलं नाही म्हणजे? कुणी टाकलं नाही?”

“माझं पत्र, माझी जबाबदारी.”

“तेवढंच लिहून द्या मग,” हेड साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “घ्या डिक्टेशन.”

आणि ते मी घेतलं. मी! बाहेर येऊन मशीनवर टाइप केलं, तीन प्रतींत. ‘सदर पत्र विलंबाने पाठविले गेले याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.’ एक अक्षर चुकलं नाही. आयुष्यात इतकं स्वच्छ टायपिंग मी केलं नसेल. सर बाजूला उभे राहून वाट पाहत होते. ते सही करत असताना मी कसंबसं म्हणाले, “सर, मी...”

“लेकरं कितवीत आहेत तुमची?” त्यांनी विचारलं.

“मोठी सातवीत. धाकटा चौथीत.”

“बरं,” ते म्हणाले, आणि सही करून आत गेले.

जागा दुसऱ्याला गेली. दोन-तीन महिन्यांनी परदेशी मासिकाचा अंक आला. त्यात दोन परदेशी संशोधकांची टीप होती, सरांच्या सूत्रातली तीच चूक दाखवणारी. त्या मासिकात लेख कधी पोचला ती तारीख छापतात. ती टीप पोचली होती नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा सरांचं पत्र माझ्या खणात कार्बन पेपरखाली होतं. सरांचं पत्र पुढच्या अंकात, तारीख नंतरची. झालं. जगाच्या लेखी त्यांनी चूक शोधली आणि सरांनी मान्य केली. विभागात कुजबुज झाली, पकडले गेले तेव्हा कबूल झाले म्हणे. कॉरिडॉरमध्ये ‘कथील काय म्हणते’ विचारणारे आता बाजूनं निघून जायचे. त्या दिल्लीकरांनी पुस्तकातून सूत्र काढलं, आणि सरांच्या पत्रांना उत्तर देणं थांबवलं.

माझी नोकरी मात्र त्याच वर्षी पक्की झाली.

सरांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. लेख टाइप करायला माझ्याकडेच द्यायचे, सूत्रांसाठी जागा दिलदारीनं सोडायला सांगायचे. मुलगी मॅट्रिकला गणितात अडली तर रविवारी घरी बोलावून शिकवलं. एकच गोष्ट बदलली. पत्र टाकायला त्यांनी माझ्याकडे पुन्हा दिलं नाही. नागपूरच्या भर उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून, सायकल काढून ते स्वतः मोठ्या डाकघरात जायचे. मी खिडकीतून पाहायची. एकदा न राहवून म्हटलं, “सर, द्या ना, मी जातेच आहे तिकडून.” ते म्हणाले, “राहू द्या जी, तेवढंच फिरणं होते.” अगदी सौम्यपणे. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आणि मीही निगरगट्ट! एवढं झालं तरी हेड साहेबांकडे जाऊन खरं सांगितलं नाहीच. आज सांगते, उद्या सांगते, करत हेड साहेब रिटायर झाले. त्याला भित्रेपणाशिवाय दुसरा शब्द नाही.

सर रीडर म्हणूनच निवृत्त झाले. तोवर गोळीबार चौकातले माग एकेक करून बंद पडत होते. शंकरभाऊ गेले, त्यांचा मुलगा कळमेश्वरच्या कारखान्यात लागला, माग विकला. मी दिवाळीचा फराळ घेऊन गेले तर सर मधल्या दारात पाटावर नुसते बसलेले. समोर तीच गुंडाळी. पुढची खोली रिकामी, जिथं मागाचा खड्डा होता तिथं नवी फरशी.

“सोळाव्या हातापासून पुन्हा करायचं आहे,” म्हणाले. “पण सुचत नाही. लय शांत झालं घर.”

मी घरी आले आणि दोन दिवस विचार करत राहिले. मग सायकल रिक्षात माझं जुनं टायपिंगचं मशीन टाकलं आणि रविवारी त्यांच्या घरी नेलं. रिकाम्या खोलीत स्टुलावर ठेवलं.

“हे काय?” सर म्हणाले.

“तुम्ही गणित करा. मी टाइप करते.”

“काय टाइप करता?”

“काहीही. वर्तमानपत्र. तुम्हाला काय करायचंय?”

मी सुरू केलं. खटखट, खटखट, ओळ संपली की घंटी.  तिसऱ्या-चौथ्या घंटीला सरांनी पेनचं टोपण काढलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. असं दोन वर्षं चाललं, दर रविवारी. सणवार असो, लग्नकार्य असो, एक रविवार चुकवला नाही. मी किती अग्रलेख टाइप केले असतील! घरी सून-मुलगा म्हणायचे, आईला खूळ लागलं. फीत बदलायला मी थांबले की सरांचं पेनही थांबायचं.

थंडीचे दिवस होते. एका रविवारी मशीन चालू असताना सर एकदम म्हणाले, “थांबा.”

मी थांबले.

“कथलानं ऐकलं, कुमुदबाई.”

एवढंच. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मी उठून आत वहिनींकडे गेले, कारण माझं तोंड मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

लेख चार पानांचा झाला. मी टाइप केला, सूत्रांना भरपूर जागा सोडली. सरांनी काळ्या शाईनं ती भरली. पाकीट तयार झालं, त्याच परदेशी मासिकाच्या पत्त्याचं. मी मशीनवर कापड घालत होते. सरांचे गुडघे तेव्हा पार गेले होते, सायकल मागच्या अंगणात गंजत होती. मी मुद्दामच पाकिटाकडे बघत नव्हते. म्हटलं, पुतण्याला देतील.

“तुम्हीच टाका,” सर म्हणाले, आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. मोठं डाकघर उघडायच्या आधी दारात उभी. पेटीत टाकायची हिंमतच नव्हती. खिडकीवर रजिस्टर केलं, कारकुनाला शिक्का माझ्यासमोर मारायला लावला, तारीख दोनदा वाचली. तो वैतागून म्हणाला, “बाई, सोना भेज रहे हो क्या?” मग तिथूनच रिक्षा करून थेट गोळीबार चौक.

सर अंगणात उन्हात खुर्चीवर बसले होते. पायांवर शंकरभाऊंनी विणलेली जुनी चादर. मांडीवर बावीस हातांची गुंडाळी, आता आणखी लांब झालेली. सोळाव्या हातापुढचं त्यांनी सगळं फाडून टाकलं होतं आणि तिथं नवे कागद जोडले होते. मी धापा टाकत पावती पुढं केली. “सर, हे पाहा. आजचीच तारीख. साडेदहाला शिक्का मारला त्यानं, माझ्यासमोर.”

सरांनी पावती घेतली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी हेड साहेबांच्या खोलीत पाहिलं होतं तसंच, थेट. आणि हसले.

“पावती कायले आणली वं?” म्हणाले. “मी मागितली होती का?”